डाव्या हाताचे धडे

कामरगाव,
ता. ५ जुलै १९३७

तीर्थरूप शालिग्राममामांस इंद्रभानचा साष्टांग नमस्कार.

अक्षर पाहून हे दुसऱ्या कोणाचं पत्र आहे असं समजू नका. माझंच आहे, डाव्या हातानं लिहिलेलं. उजवा मनगटापासून गेला. अकोल्याच्या दवाखान्यात उरलेला भाग शिवून बंद केला.

बाबा गेल्याची तार तुम्हाला मिळाली. पण कसे गेले ते आईनं कोणाले लिहू दिलं नाही, म्हणून मी लिहितो. मृग लागून पाच दिवस झाले होते. आमी दोघं वखरणी पाहायले वावरात गेलो. शेजारच्या वावराचा दौलतसिंग दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावरची बाभूळ तोडून राह्यला होता. ती बाभूळ आमच्या आजानं लावलेली, हे त्याले ठाऊक. बाबा म्हणाले, "दौलत, झाड ठेव, सावली तुह्याही बैलाले पडते." त्यानं कुऱ्हाड झाडातून काढली आणि वळून बाबांच्या मानेवर मारली. दुसरी डोक्यावर. तिसरी मारायले उचलली तेव्हा मी हात मधात घातला. हात धुऱ्यावर पडला. मामा, त्याची बोटं माझ्या डोळ्यांसमोर दोनदा मिटली, जसा काही ढेकूळ धरून राह्यला.

दौलतसिंग अकोल्याच्या जेलात आहे. खटला दिवाळीनंतर सेशनात चालेल. पाहणारा मी एकटा. त्याचा धाकटा भाऊ फुलसिंग बाहेर आहे. तो बाजाराच्या दिवशी चारचौघांत बोलला, "इंद्रभानचा हात गेला, जीभ राह्यली. दिवाळीचा दिवा त्याच्या दारात लागत नाही."

बाबा पोलीस पाटील होते, त्यांचं सहा गोळ्यांचं पिस्तूल घरी आहे. डिप्टी कमिशनर साहेबांनी लायसन माझ्या नावानं करून दिलं. पण मी जन्मात ते चालवलं नाही. परवा दहा पावलांवर घागर ठेवून सहा गोळ्या मारल्या. घागर जशीच्या तशी, गोठ्याच्या छपराची दोन कवेलू मात्र फुटली. सालदार सोमला हसला आणि मग तोंड फिरवून बसला.

तुमी तीस वर्षं पोलिसात काढली. काटेपूर्णेच्या पात्रात एका हातात घोड्याचा लगाम धरून दुसऱ्या हातानं दरोडेखोर पाडला, हे आई आमाले लहानपणापासून सांगते. तुमचे गुडघे चालू देत नाहीत, आणि मी पेरणी टाकून अनसिंगला येऊ शकत नाही. म्हणून पत्रानंच शिकवा. मले कोर्टाच्या तारखेपर्यंत जगायचं आहे आणि जजसाहेबापुढे दौलतसिंगचं नाव घ्यायचं आहे. त्यापुढे काही मागत नाही.

तुमचा भाचा,
इंद्रभान जगदेव


अनसिंग,
आषाढ शुद्ध ७, शके १८५९

चिरंजीव इंद्रभानास अनंत आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन ओसरीवर बराच वेळ बसलो. जगदेवराव माझ्याहून वयानं लहान होते, पण त्यांच्यासमोर मी कधी मोठ्यानं बोललो नाही. असा माणूस एका बाभळीपायी जावा. असो. रडणं तुझ्या आईवर सोपवू. आपल्याला काम आहे.

पहिला धडा. पंधरा दिवस काडतुसाला हात लावायचा नाही. पिस्तूल रिकामं. डावा खांदा शत्रूकडे करून आडवा उभा राहा. समोरून छाती द्यायची नाही, त्यानं तू निम्मा होतोस. उजवा हात, म्हणजे जो राहिला आहे तो, पाठीमागे कमरेवर टेकव. तो हलला तर अंग हलतं, अंग हललं तर नळी हलते. डावा हात सरळ, पण कोपर काठीसारखं ताठ नको. चाप बोटाच्या पेरानं ओढायचा, सांध्यानं नाही. आणि ओढायचा असा की तो कधी सुटला हे तुझं तुलाच कळू नये. नळीच्या टोकावर एक चिंचोका ठेव. चाप ओढल्यावर चिंचोका पडला तर समज, गोळी वावराबाहेर गेली. रोज शंभर वेळा.

दुसरा धडा वेगाचा. नेम आणि वेग ही दोन भावंडं एका ताटात जेवत नाहीत. एकाला घाई, दुसऱ्याला धीर. त्यांना एकत्र बसवायचं तर चाल पाहिजे. वाशीमच्या शाळेत आमचे हेडमास्तर टेबलावर छडी आपटून वृत्तं शिकवत. भुजंगप्रयात आला की आम्ही सगळी पोरं बाकावर डुलायचो. तेव्हा मी एक ओळ रचली होती, आणि मास्तरांनी ती फळ्यावर लिहिली होती. माझ्या आयुष्यातलं काव्य तेवढंच. ती तुला देतो.

निघाली | नदी पू | र घेऊ | न पोटी

चार तुकडे, तीन-तीन अक्षरांचे. पहिल्याला मूठ पिस्तुलावर. दुसऱ्याला पिस्तूल चामड्याबाहेर. तिसऱ्याला हात सरळ आणि नजर नळीवरच्या नेमाच्या दाण्यावर. चौथ्याला चाप. आधी सावकाश म्हण, कीर्तनकार म्हणतो तशी. मग रोज थोडी घाई. पण कोणताही तुकडा गाळायचा नाही. नेमबाजीत चुकतो तो हात चालवायला उशीर करणारा नव्हे, मधला तुकडा खाणारा.

काटेपूर्णेचं म्हणशील तर तेव्हा मीही हीच ओळ म्हटली होती. पौषातली पहाट, पात्रात गुडघाभर पाणी, आणि तो दगडामागून तलवार घेऊन उठला. चौथ्या तुकड्याला त्याचा जबडा उडाला. पाणी लाल झालं आणि माझ्या घोड्यानं ते प्यायला नकार दिला. हे सांगतो ते बढाईसाठी नाही. माणूस पडतो तेव्हा कसा पडतो हे आधी ठाऊक असावं, म्हणजे हात दचकत नाही.

शालिग्राम


कामरगाव,
ता. ४ ऑगस्ट १९३७

तीर्थरूप मामांस नमस्कार.

पहिल्या दिवशी चिंचोका शंभरातून शंभर वेळा पडला. आता शंभरात पाच-सात पडतात. ओळ तर अशी बसली की वखरामागं चालताना पाय तिच्यावर पडतात. आई विचारते, "कोणता मंत्र म्हणून राह्यला रे?" मी म्हणतो, मामानं दिला. मग ती पुढं विचारत नाही.

पंधरा दिवस भरले तसं काडतूस घातलं. दहा पावलांवर सहात चार. मग भोपळे टांगले आणि सोमलाले ते हलवायले लावले. सहात तीन. कमरेपासून पहिल्या गोळीपर्यंत आता एक ओळ पुरी लागत नाही.

एक गोष्ट लिहू का नको, असं झालं होतं. परवा गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं. त्यानं सोमलाच्या गायीले चावलं आणि तोंडातून फेस गाळत माझ्याकडेच आलं. मी ओळ म्हणली. गोळी डोळ्याखाली लागली. ते तरीही दोन हात पुढं आलं, मागचे पाय ओढत, आणि माझ्या जोड्यावर डोकं टेकून मेलं. लोकांनी शाबासकी दिली. मामा, माझा हात हलला नाही. घरी येऊन मी दोन भाकरी जेवलो. आई ताटाकडे पाहत होती.

इंद्रभान


अनसिंग,
श्रावण शुद्ध ५

चिरंजीव इंद्रभानास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा गोठ्यात उभ्यानं वाचलं, कारण पोस्टमननं तिथंच हातात दिलं आणि घरात जाईपर्यंत दम निघेना. तुझी मामी गेल्यापासून या घरात माझ्या नावानं दोनच कागद येत, पेन्शनीचा आणि सोसायटीचा. आता मी मंगळवार-शनिवार रस्त्याकडे तोंड करून बसतो.

कुत्र्याचं मनाला लावून घेऊ नकोस. हात हलला नाही याचा अर्थ धडा उतरला. जेवण घशाखाली गेलं याचाही तोच.

आता तिसरा धडा, आणि हा सगळ्यांत मोठा. भोपळा तुला मारायला येत नाही. माणूस येतो. तो येताना हसेल, रामराम घालील, तुझ्या आईची खुशाली विचारील. त्याच्या डोळ्यांकडे पाहू नकोस. डोळे शिकवलेले असतात. हात पाहा. हात बंडीत, कमरेत, घोंगडीत गेला की ओळ सुरू. तो बाहेर येऊन त्यात काय आहे हे पाहत जो थांबला, त्याला ते दिसतं खरं, पण त्यानंतर काही दिसत नाही.

सोमलाला समोर उभा कर. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री कर. तो वाटेल तेव्हा हात बंडीत घालील, आणि त्याचा हात बाहेर यायच्या आत तुझा चाप वाजला पाहिजे. रोज वीस वेळा.

आमच्या शाळेच्या मागं एक पिंपळ होता. परीक्षेच्या आधी मी त्याच्या बुडाशी बसून कविता घोकायचो आणि वरून पाखरं वहीवर घाण करायची. परवा स्वप्नात तो पिंपळ आला. बुडाशी तू बसला होतास.

शालिग्राम


कामरगाव,
ता. ६ सप्टेंबर १९३७

तीर्थरूप मामांस नमस्कार.

वीस वेळा करून राह्यलो. आता सोमलाचा हात बंडीत जातो न जातो तो चाप वाजते. काल तो म्हणे, "मालक, पिस्तूल रिकामं असते, पण तुमचे डोळे भरलेले असतात. मले हे काम नका सांगू." मी हसण्यावारी नेलं.

पोळ्याले सगळं गाव मारुतीपुढं जमलं. तोरणाखाली बैल उभे. माझ्यापासून आठ पावलांवर फुलसिंग, आपली जोडी घेऊन. इतक्या जवळून त्याले बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा पाह्यलं. हडकला आहे. गालाची हाडं वर आली. मी हातच पाहत होतो. त्यानं हात कमरेत घातला.

माझी मूठ पिस्तुलावर. "नदी पू" पर्यंत नळी निम्मी बाहेर आली. मग मधात त्याचा बैल डोकं हलवत आला आणि मी थांबलो. त्यानं कमरेतून पानाची चंची काढली. गर्दीत कोणाच्या ध्यानात आलं नाही. पण त्याच्या आलं. माझ्या हाताकडे पाह्यलं, मग तोंडाकडे. चंची न उघडता परत ठेवली, बैलाचा कासरा धरला आणि जोडी न फिरवता घरी निघून गेला.

मामा, मी बैल मधात आला म्हणून थांबलो, शहाणपणानं नाही. तो नसता आला तर पान खाणाऱ्या माणसाले पोळ्याच्या तोरणाखाली मारलं असतं. रात्रभर अंगावर काटा होता. मले वाटते, पिस्तूल पेटीत घालून कुलूप लावावं आणि किल्ली आईजवळ द्यावी. कोर्टाच्या तारखेपर्यंत कारंज्याले मावसभावाकडे जाऊन राहावं. तुमी म्हणाल तसं करतो.

इंद्रभान


अनसिंग,
भाद्रपद शुद्ध ८

चिरंजीव इंद्रभानास आशीर्वाद.

बैल आला हे देवाचं देणं समजू नकोस. उलटं समज. ती चंची होती म्हणून तू आज पत्र लिहितोस. तिथं पिस्तूल असतं तर बैलानं तुला मारलं असतं.

त्यानं तुझा हात पाहिला, म्हणजे आता त्याला तुझी तयारी कळली. आता तो तोंडावर येणार नाही, गोडीनं येईल. अशा वेळी कुलूप लावणं म्हणजे ऐन युद्धात ढाल भिंतीला टांगणं. आणि कारंज्याला पळालास तर दौलतसिंगचा वकील कोर्टात विचारील, हा भ्यालेला माणूस, याच्या सांगण्यावर काय भरवसा. जगदेवरावांच्या मुलाबद्दल हे बोललेलं मला ऐकवणार नाही.

किल्ली आईजवळ देऊ नकोस. पुढच्या वेळी दुसऱ्या तुकड्यात थांबायचं नाही. तू इतका तयार झाला आहेस, इंद्रभान, की माझ्या हाताखालून गेलेल्या कुणा शिपायाबद्दल मी असं लिहिलं नसतं.

शालिग्राम


कामरगाव,
घटस्थापनेचा दुसरा दिवस

दादाले चतुराचा नमस्कार.

हे पत्र जाऊबाईच्या रंगूकडून लिहून घेतलं. थे चवथी शिकली. इंद्रभानले ठाव नाही.

दादा, काल देवीच्या देवळात फुलसिंगची माय रुपाबाई मले भेटली. चार महिने झाले, आमी एकमेकीचं तोंड पाह्यलं नव्हतं. थिनं समद्या बायांसमोर माह्या पायावर डोकं ठेवलं. म्हणे, "चतुराबाई, माह्या एका पोरानं तुहं कुंकू पुसलं. त्याले सरकार फाशी देवो, म्या आडवी येत नाही. पण दुसरा मले राहू दे." फुलसिंग बाजारात बोलला थे दारू पिऊन बोलला. पोळ्याच्या दिवशी इंद्रभानचा हात कमरेवर गेलेला त्यानं पाह्यला. घरी येऊन मायजवळ बसला अन् म्हणे, "माये, थो मले भेते. मी त्याले भेतो. असे भेत भेत आमच्यातला एक मरन." तवापासून त्यानं दारू सोडली.

दसऱ्याले थो आमच्या दारी सोनं द्यायले येऊन राह्यला. एकटा येते, रिकाम्या हातानं येते. त्यानं देवीपुढं आण घेतली. इंद्रभानच्या पायावर पानं ठेवून म्हणणार हाय, तू कोर्टात खरं सांग, आमी तुले काही करत नाही. दसऱ्याले वैरीही गळ्यात गळा घालते, दादा, हे आपल्या बाबानंच आपल्याले शिकवलं.

म्या रुपाबाईले हो म्हणलं. इंद्रभानले सांगाले गेली तर त्यानं अर्ध्यातच तोडलं. "त्या घरचं नाव या घरात काढू नको." पोट्टा माहा राह्यला नाही. जेवताना त्याचं ध्यान माह्या हाताकडे असते. भाकर वाढाले हात पुढं केला तरी दचकते. थो आता फक्त तुहं ऐकते. तुही पत्रं उशाखाली घेऊन निजते.

तू त्याले एवढंच लिहजो, का दसऱ्याले पिस्तूल देवाजवळ ठेव, पूजा कर अन् त्या दिवशी खाली काढू नको. अन् फुलसिंग आला तर उठून उभा राह्य. बाकी म्या पाहतो. म्या तुले जन्मात काही मागलं नाही.

चतुरा


अनसिंग,
आश्विन शुद्ध ५

चिरंजीव इंद्रभानास आशीर्वाद.

थोडक्यात लिहितो, टपाल निघायचं आहे. मला खात्रीची खबर लागली आहे. कुणाकडून ते विचारू नकोस, तीस वर्षांच्या नोकरीतली माझी माणसं अजून आहेत.

दसऱ्याला फुलसिंग तुझ्या दारी येणार. सोनं देण्याचं निमित्त करील. एकटा येईल आणि हात रिकामे दिसतील. त्याच्या घरच्या बायांनी आपल्या बायांना आधीच वळवून ठेवलं आहे, तेव्हा आईशी यावर बोलू नकोस. ती भोळी आहे.

शस्त्रपूजा रीतीप्रमाणे कर. पण पूजा झाली की पिस्तूल देवापुढं ठेवू नकोस. भरून कमरेला लाव. त्याचा हात बंडीत गेला की समजायचं.

विजयी हो.

शालिग्राम


अकोला जेल,
ता. १० नोव्हेंबर १९३७

तीर्थरूप मामांस नमस्कार.

तुमी आला नाही, पत्रही नाही. तब्येत बरी नसेल असं समजतो.

दसऱ्याले लोक शिवेवरून सोनं लुटून परत आले तेव्हा उन्हं अजून होती. मी ओसरीवर बसलो होतो. पिस्तूल कमरेले, त्याले लावलेलं कुंकू अजून ओलं होतं. फुलसिंग आला. जोडे फाटकाबाहेर काढले. धुतलेलं धोतर, पांढरी बंडी. तुमी लिहिलं तसाच, एकटा, हात रिकामे. पायरीजवळ येऊन म्हणाला, "इंद्रभानभाऊ, सोनं घे अन्" आणि हात बंडीत घातला.

मी ओळ म्हणली नाही. म्हणावी लागली नाही. पहिली गोळी छातीत बसली. तो मागं नाही पडला, पुढं आला, त्या कुत्र्यासारखा, म्हणून दुसरी मारली. ती गळ्यात. तिसरी कधी मारली ते मले ठाऊक नाही, पंचनाम्यात तीन लिहिल्या आहेत. तो पायरीवर उताणा पडला आणि त्याचा हात बंडीतून आपोआप बाहेर आला. मुठीत आपट्याची पानं होती. रक्तानं एकमेकांले चिकटलेली.

आई ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. ते कोणासाठी घेतलं हे मले तेव्हा समजलं नाही. तिनं ताट खाली ठेवलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि गळ्याच्या भोकावर पदर दाबून धरला. तो "काकू" म्हणाला. रक्त तिच्या बोटांमधून येत राह्यलं. तो गेल्यावर ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "थो सोनं देऊन राह्यला होता रे." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. जेलात भेटायले आली नाही.

दिवस मावळायच्या आत त्यांच्या भावकीनं आमच्या कडब्याच्या दोन्ही गंज्या पेटवल्या. सोमला विझवायले धावला, त्याचे दोन्ही पाय काठ्यांनी मोडले. कारंज्याहून पोलीस आले तेव्हा फुलसिंगच्या अंगाखाली एक विळा निघाला. मामा, तो विळा आमच्या घरचा आहे. मी ठेवला नाही. आपल्यापैकी कोणी ठेवला ते मी विचारलं नाही.

दौलतसिंगचा खटला पुढच्या आठवड्यात. त्याचा वकील म्हणते, पाहणारा साक्षीदारच खुनी आहे, त्याचं कोण ऐकते. तो सुटेल असं सगळे म्हणतात.

माझा वकील सांगते, विळ्याचं धरून राहा. पण विळ्यापेक्षा एक गोष्ट चांगली आहे, असं तो म्हणते. तुमची आश्विनातली चिठ्ठी त्याच्याजवळ आहे. तो म्हणते, फुलसिंग मारायले येते अशी खात्रीची खबर तुले होती, आणि ती खरी समजून तू गोळी झाडली, एवढं दिसलं तर फाशी टळते. पण खबर देणारा कोर्टात उभा राह्यला पाहिजे. त्याचं नाव, गाव कळवा. तो भेत असेल तर मी त्याच्या पाया पडतो म्हणून सांगा.

आणि मामा, एक मले तुमच्यापासून ऐकायचं आहे. तो मारायलेच येत होता ना? पानं वरून दाखवायले असतील, हत्यार कुठं दुसरीकडे असेल, असं काही तुमच्या माणसानं सांगितलं होतं का? मी इथं भिंतीकडे पाहून हाच विचार करतो. तुमी हो म्हणलं तर मी झोपीन.

इंद्रभान


अकोला,
कार्तिक शुद्ध १३

चिरंजीव इंद्रभान,

नाही. तो मारायला येत नव्हता.

खबर देणारी तुझी आई होती. तिनं रंगूच्या हातून मला पत्र लिहिलं आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की फुलसिंग रिकाम्या हातानं समेटाला येतो आहे, त्यानं देवीपुढं आण घेतली आहे, इंद्रभानला सांग की पिस्तूल देवाजवळ राहू दे. तिनं ताट कोणासाठी घेतलं होतं ते आता तुला समजेल. तिला वाटत होतं मी तुला तसं लिहिलं आहे. तू कमरेला पिस्तूल लावून बसलास तेव्हाही ती बोलली नाही, कारण दादानं सांगितलं आहे, आता पोरगा गोळी झाडणार नाही, असा तिचा भरवसा होता.

तिच्या पत्रातला प्रत्येक शब्द मी वाचला आणि प्रत्येक शब्दाचा मला उलटा अर्थ दिसला. एकटा येतो, म्हणजे डाव आहे. आण घेतली, म्हणजे खोटी आहे. मी तिला फसलेली बाई समजलो. हे समजणं इतकं सोपं गेलं की मी स्वतःला एकदाही विचारलं नाही, सोपं का जातं आहे.

आता विचारलं. गेला महिनाभर तेच करत होतो, म्हणून पत्र नव्हतं. उत्तर असं आहे. मी पोलिसात शिपाई नव्हतो. मुन्शी होतो. चांदमारीच्या मैदानावर टेबल टाकून बसायचो आणि कोणाच्या किती गोळ्या लागल्या ते वहीत लिहायचो. कोण कसा उभा राहतो, कोणाचा हात का हलतो, हे तीस वर्षं पाहिलं. मी स्वतः माणसावर एकदाही गोळी झाडली नाही. काटेपूर्णेत जो पडला तो दुसऱ्यानं पाडला. मी काठावर कागद धरून उभा होतो, आणि वांती केली. तुझ्या आईला लहानपणी गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट तिनं खरी धरली, आणि मग ती मोडायचं मला धाडस झालं नाही. तू शिकवा म्हणालास तेव्हाही झालं नाही.

तू शिकत गेलास. तुझ्या पत्रांतून मी नेम धरत होतो. पोळ्याला तू थांबलास तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, पण मला राग आला. आणि समेट होणार असं आईनं लिहिलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण हे लिहिल्याशिवाय बाकीचं खोटं आहे. मला वाटलं, मग इतकी तयारी कशाला केली.

फुलसिंगच्या छातीत गोळी तुझ्या हातानं गेली. पण ती मी अनसिंगहून टपालात टाकली होती.

आता काय करायचं ते. विळ्याचं नाव घेऊ नकोस. वकील रागावला तरी घेऊ नकोस. पानं होती, पानंच सांग. ती रुपाबाईच्या मुलाच्या मुठीत होती आणि तिनं ती पाहिली आहेत. दौलतसिंगचं नावही घे, ज्या शब्दांत मला पहिल्या पत्रात लिहिलंस त्याच शब्दांत. ते खरं आहे आणि खरंच राहील, ऐकणारा ऐको न ऐको.

तुझ्या वकिलाला खबर देणारा माणूस हवा आहे. तसा कोणी नाही. खोटी खबर रचणारा आहे, आणि तो कोर्टात उभा राहील. तुझ्या आईचं पत्र माझ्याजवळ आहे. त्यावर कामरगाव टपालाचा शिक्का आहे, माझ्या चिठ्ठीच्या आधीच्या तारखेचा. ते दोन्ही कागद शेजारी ठेवले की आंधळ्यालाही दिसेल, कोणाला काय ठाऊक होतं आणि कोणाला नव्हतं. तुझ्यावरचं निम्मं ओझं त्यानं उतरेल असं वकील म्हणतील. सगळं उतरेल असं मी म्हणत नाही. ते शिक्षेनं जाईल असंही नाही.

काल मोटारीनं, गुडघे ओढत, कामरगावला गेलो होतो. तुझ्या आईनं दार उघडलं, मला पाहिलं आणि आत जायला वाट दिली नाही. मी ओट्यावर उभा राहून तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रुपाबाईच्या दारी जाऊन सांग, मले काय सांगतं." मी गेलो. रुपाबाईनं मला बसायला पाट दिला आणि मी बोलत असेपर्यंत जात्यावर दळत राहिली. मी थांबलो तेव्हाही जातं थांबलं नाही.

हे पत्र टपालानं पाठवत नाही. जेलातली पत्रं आधी साहेब वाचतात, हे मला ठाऊक आहे. वाचू दे. फाटकावरच्या शिपायाच्या हातात देतो आहे. मला आत बोलावतील तोवर मी बाहेर निंबाखाली बसलो आहे, तुझ्या आईचं पत्र घेऊन.

शालिग्राम